हौसेचं बिल

गाडी घरी आली त्याच्या नवव्या दिवशी सकाळी तिच्यात पिवळा दिवा लागला.

दिवा वाटाण्याएवढा होता, पण तो बघताच दातांच्या डॉक्टरांनी चावीच काढून घेतली. गाडी परदेशी, लालभडक, बुटकी, रेसच्या मैदानावर शोभावी अशी आणि अर्थातच सेकंडहँड. आधीच्या मालकाने ती फारच स्वस्तात दिली होती. व्यवहार झाल्यावर त्याने डॉक्टरांना कडकडून मिठी मारली होती. माणूस मोठा भावुक दिसतो, असं तेव्हा डॉक्टरांना वाटलं होतं.

डॉक्टरांची बायको शाळेत गणित शिकवत असे. घरीदारी सगळे तिला बाईच म्हणत. गाडी घेण्याआधी बाईंनी एकच प्रश्न विचारला होता.

"हिला पोसायचा खर्च किती?"

"अगं, हौसेला मोल नसतं."

"मोल नसतं, बिल असतं," बाई म्हणाल्या आणि पुन्हा वह्या तपासायला लागल्या.

आता दिवा लागल्यावर डॉक्टरांनी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने पंधरा वर्षं डॉक्टरांची जुनी गाडी सांभाळली होती. मिस्त्री आला, त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, हातातला पाना खिशात ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"बघा की जरा," डॉक्टर म्हणाले.

"बघतोय की."

"अहो, हात लावून बघा."

"तेवढी आपली ऐपत नाही, डॉक्टर," मिस्त्री म्हणाला, आणि त्याने एक फोन नंबर दिला.

नंबर स्पेशालिस्टचा होता. चार दिवसांनी त्याची वेळ मिळाली. पांढराशुभ्र शर्ट, हातात लॅपटॉप, अंगाला तेलाचा वासही नाही. त्याने गाडीला एक वायर जोडली आणि लॅपटॉपवरचे आकडे वरखाली केले. मग नुसतं "हं" म्हणाला.

"काय झालं?" डॉक्टरांनी घाबरत विचारलं.

"आधी कोणी हात लावला होता हिला?"

डॉक्टर दचकले. हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. कुणाच्या ना कुणाच्या दाढेकडे बघून ते रोज दहादा हेच विचारत.

"सेन्सर असेल," स्पेशालिस्ट म्हणाला. "नसेलही. खात्री करायची तर इंजिन खाली उतरवावं लागेल."

"नुसतं बघायला?"

"बघायला. दुरुस्ती वेगळी."

"आणि नाही केलं तर?"

"चालेल की. चालेल तोवर चालेल."

डॉक्टरांनी मान खाली घातली. हे ऐकल्यावर समोरचा पेशंट 'करून टाका' म्हणतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. ते म्हणाले, "करून टाका."

गाडी वर्कशॉपला न्यायला ट्रक आला. ट्रक उंच, इमारतीचं फाटक बुटकं. म्हणजे गाडीलाच फाटकाबाहेर जाणं भाग होतं, आणि फाटकात स्पीडब्रेकर होता. आल्या दिवशी चार माणसांनी फळ्या टाकून गाडी आत घेतली होती, आणि तेव्हापासून ती बाहेर गेलीच नव्हती. हे फक्त डॉक्टर आणि चौकीदार जाणून होते. आज बाईंनाही कळलं.

"तू चालव, मी खालून बघतो," डॉक्टर म्हणाले.

"मी?"

"अगं, पोट घासलं तर संपलंच सगळं. मला खालीच राहायला हवं."

डॉक्टर भर रस्त्यात पालथे झोपले आणि त्यांनी टॉर्च लावला. बाई स्टिअरिंगवर बसल्या. "ये... ये... थांब! ये... अगं थांब म्हटलं ना!" अकरा फूट अंतर कापायला वीस मिनिटं लागली. गॅलऱ्यांमधून सगळी इमारत बघत होती. वरच्या मजल्यावरच्या काकूंना डॉक्टर पडले असं वाटलं आणि त्या पाणी घेऊन खाली आल्या.

तीन आठवड्यांनी गाडी परत आली. इंजिन उतरवलंच आहे तर क्लचही बदलून घेतला होता. क्लचला हात घातलाच आहे तर आणखी दोन भाग बदलले होते, त्यांची नावं डॉक्टरांना उच्चारता आली नाहीत. बिलाच्या आकड्यात नवी कोरी छोटी गाडी आली असती, आणि ती स्पीडब्रेकरवरूनही गेली असती. पिवळा दिवा मात्र गेला. त्याच्या जागी लाल लागला.

"पिवळा गेला ना?" स्पेशालिस्टने फोनवर विचारलं.

"गेला, पण..."

"मग तक्रार काय आहे? लालचं आपण वेगळं बघू. आणि हो, गाडी उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटं पळवायचीच. नाहीतर आतली रबरं सुकतात."

पळवायची म्हणजे पुन्हा फळ्या, टॉर्च आणि पालथं झोपणं. शिवाय रस्त्यावर खडे असतात, झाडांवर पक्षी असतात, वरून ऊन असतं. डॉक्टर गाडीला आणखी एक चादर घालून क्लिनिकला बसने गेले.

त्या महिन्यात क्लिनिकमध्ये किडलेल्या दातांचं प्रमाण अचानक वाढलं. नुसते दात साफ करायला आलेला माणूस दोन रूट कॅनॉल ठरवून बाहेर पडू लागला. टाळ्याला फोड आला म्हणून आलेल्या पोस्टमनच्या तोंडात डॉक्टरांना तीन कॅपांची जागा दिसली. डॉक्टर मुद्दाम करत होते असं नाही. त्यांना खरोखरच तसं दिसायला लागलं होतं.

एका संध्याकाळी बाईंनी वह्या बाजूला ठेवल्या.

"अहो, वरच्या काकूंना तुम्ही सांगितलंत म्हणे, दोन दाढा किडल्यात?"

"हो. खालच्या. लवकर करून घेतलेल्या बऱ्या."

"त्यांना कवळी आहे."

 कवळी डॉक्टरांनीच बसवली होती. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वीस वर्षांत त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"विकतो," ते हळूच म्हणाले.

रविवारी गिऱ्हाईक आलं. टाइल्सचे व्यापारी, गोल गरगरीत, सोबत त्यांची बायको. डॉक्टरांनी बाईंना आधीच बजावलं होतं. "खोटं बोलू नकोस. पण गप्प बस."

व्यापाऱ्यांनी चादर उचलली आणि त्यांचा श्वासच अडकला. त्यांच्या बायकोने मात्र बाईंना बाजूला घेऊन विचारलं, "ताई, खरं सांगा. खर्च किती येतो हिला?"

बाई गप्प बसणार होत्या. पण प्रश्न आकड्याचा होता, आणि आकड्याचा प्रश्न त्यांनी आयुष्यात अनुत्तरित ठेवला नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं. पिवळा दिवा, लाल दिवा, क्लच, फळ्या.

व्यापारी हसले. "काय डॉक्टर, द्यायची नाही वाटतं? बायकोला पढवून ठेवलंय!" आणि त्यांनी किंमत वाढवली.

त्या वाढीने डॉक्टरांचं मनच त्यांना खाऊ लागलं. त्यांनी व्यापाऱ्यांना जिन्याखाली नेलं. "हे बघा, मी डॉक्टर म्हणून सांगतो, घेऊ नका. मी कवळीत कीड बघितली हो हिच्यापायी."

"एवढा जीव आहे तुमचा हिच्यावर!" व्यापाऱ्यांचे डोळे पाणावले. त्यांनी आणखी वाढवली आणि जागच्या जागी पैसे दिले.

गाडी गेली. डॉक्टरांनी पोस्टमनला बोलावून सांगितलं की एकही कॅप नको. काकूंसाठी फळं घेऊन ते स्वतः वर गेले. तीन आठवडे घरात शांतता होती.

मग व्यापाऱ्यांच्या बायकोचा फोन आला. गाडीतून उतरताना व्यापाऱ्यांची कंबर धरली होती. दोन महिने खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. आणि तो पांढऱ्या शर्टवाला म्हणतो, गाडी दर आठवड्याला पळवायलाच हवी. ड्रायव्हर तर हिला बघूनच पळून जातो.

"ताई, तुम्हाला चालवता येते ना?"

"मला अकरा फूट चालवता येते," बाई म्हणाल्या.

"तेवढं पुरे. आमच्या फाटकात स्पीडब्रेकर नाही."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी बाई केस घट्ट बांधून तिकडे जातात. डॉक्टरही हट्टाने सोबत जातात. पण गाडीत सीट दोनच, आणि दुसरीवर व्यापाऱ्यांची बायको आधीच गॉगल लावून बसलेली असते.

"फार जोरात नका जाऊ," पहिल्या रविवारी डॉक्टर खिडकीशी वाकून म्हणाले. "आणि आणखी एखादा दिवा लागला तर?"

"तर यांच्या मिस्टरांना फोन करू. गाडी त्यांची आहे," बाई म्हणाल्या. गाडीने असा काही हुंकार दिला, की डॉक्टर दोन पावलं मागेच सरले.

गॅलरीत व्यापारी कमरेला पट्टा बांधून ताठ उभे होते. डॉक्टर त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दूर हमरस्त्यावर आवाज चढत गेला. त्याच्यात दोन बायकांचं खळखळून हसणं मिसळलेलं होतं.

"चहा घेणार?" व्यापाऱ्यांनी विचारलं.

"घेऊ," डॉक्टर म्हणाले. "चाळीस मिनिटं आहेत."