दाजींची हळद

मसुऱ्यातले आमचे शेजारी दाजी मोबाइलवर बंदुकीचा खेळ सुरू करण्याआधी गाऱ्हाणं घालतात. चपला काढून, फोन दोन्ही हातांत धरून. "बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांनी जो डाव मांडलो हा, तेका यश दी. कोण वाकड्या नजरेन बघीत आसात तर तेका थंयच आडय म्हाराजा!" मग पुण्याहून त्यांचा मुलगा नितीन आणि त्यांच्याच पडवीत बसलेला मी, दोघांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. तोवर समोरची टोळी आमच्या हद्दीत शिरलेली असते. पण गाऱ्हाण्याशिवाय दाजी बंदूक उचलत नाहीत.

काकी गेल्यापासून दाजी घरात एकटेच. नितीनचा फोन यायचा, पण तो कसा? "जेवलास?" "जेवलंय. तुमी?" "जेवलंय." की संपलं. गणपतीत आलेल्या नितीनने त्यांना हा खेळ शिकवला आणि मलाही त्यात ओढलं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी बापलेक खेळातल्याच माइकवरून तासभर बोलतात, भांडतात. खेळ थांबला तर पुन्हा जेवणाची चौकशीच उरणार, हे दाजींना पक्कं ठाऊक आहे.

भांडण एकाच गोष्टीवरून. या खेळात शत्रूभोवती झगझगीत पिवळा काठ लावून घ्यायची सोय आहे. काळोखात, झुडपाआड लपलेला गडीही लगेच दिसतो. सगळे लावतात. दाजी नाही.

"दुश्मनाक हळद लावन धाडलो? तो काय न्हवरो आसा? अशान डोळो आळशी जाता."

"बाबा, काठान नुसता दिसता. नेम आपणच धरूचो लागता," नितीन म्हणायचा.

"मगे शोधूचा कोणी?"

मी मनातून नितीनच्या बाजूचा. गोळी कधी झाडायची आणि कधी गप्प बसायचं, हे काही काठ शिकवत नाही. शिवाय एवढी तत्त्वं सांगणाऱ्या दाजींना शत्रू कधीच सापडायचा नाही. ते आपले नितीनच्या मागे मागे फिरायचे आणि सर्वांत आधी मरायचे.

एका रविवारी नितीन वैतागला. "बाबा, फुडल्या आयतवारी काठ लावा. नायतर हापिसातले पोरगे बोलवतत माका, मी तेंच्यावांगडा खेळतंय."

दाजी "बरा" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारातल्या खळ्यात हजर. फोन पुढे केला. "लाव ती तुझी हळद."

मी सेटिंग उघडलं, तर काठ लावलेलाच होता. पिवळाधमक, सर्वांत जाड. पण शत्रूला नव्हे, आपल्या गड्यांना. खेळात दोहोंपैकी एकालाच लावता येतो.

"काय ओ दाजी, घरच्यांकाच हळद?" मी हसत म्हणालो.

दाजी हसले नाहीत. "डोळ्यात मोतीबिंदू इलोहा. त्या काळोखात माका नितीन दिसना नाय. दुश्मन नाय दिसलो तरी चलात रे. माझो झील खंय आसा ता कळाक होया."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "नितीनाक सांगूया."

"नको. तो खेळ सोडून डाक्टरच शोधीत बसात. तू बदल."

मी बदललं.

रविवारी गाऱ्हाणं लांबलं. "आणि जो डोळ्यांका दिसना नाय, तेची राखण कर म्हाराजा!" आम्ही "व्हय म्हाराजा!" म्हटलं. डाव सुरू झाला आणि दाजींनी लागोपाठ दोघांना आडवं केलं.

"बगलात बाबा! काठ लावल्यार कसा जमता ता!" नितीन ओरडला.

"व्हय रे. पण तू बोलत रव. खंय आसस ता सांगत रव."

नितीनला वाटलं, ही नवी युक्ती. तो सांगू लागला, "बावीकडे आसंय... आता जिन्यार चडतंय... हयसून खिडकी दिसता..."

माझ्या पडद्यावर पिवळ्या काठातला शत्रू दाजींच्या अगदी समोर येऊन उभा राहिला होता. दाजींनी फोन कानाला लावला होता.