मटारचा नमुना टिकत नाही

प्रयोगशाळेने नमुना खाल्ला.

असं काहीही घडलेलं नाही. नोंदवहीत तशी नोंद नाही, आणि जे नोंदवहीत नाही ते घडतच नाही, असं नमुना-सहायक गेली अकरा वर्षं मानत आला होता. त्याला सगळे ‘तराजू’ म्हणत. आलेली भाजी तोलायची, वाटायची, यंत्रात घालायची आणि तिच्यात कीटकनाशकं किती उरलीत ते सांगायचं, हे त्याचं काम. त्यामुळे प्रयोगशाळेत भाजी कुणी खात नसे. सगळ्यांच्या डब्यात बिस्किटं असत. त्यांना माहीत होतं ना.

बुधवारी सकाळी मटारवाल्या काकू सव्वा किलो शेंगा घेऊन आल्या. गेली तीन वर्षं त्यांनी शेतात औषधाचा एक थेंब टाकला नव्हता.

“शुक्रवारी पाचपर्यंत कागद हवा हं मला,” काकू म्हणाल्या. “इस्पितळाच्या स्वयंपाकघराला रोजची भाजी द्यायचीये. कागद नसला तर ते त्या गोदामवाल्याची घेणार. त्याच्याकडे मटार बारा महिने मिळतो.”

“मग चांगलंच आहे की,” तराजू म्हणाला.

“बारा महिने चांगलं कोण वागतं, सांगा बरं?”

तराजूने हातमोजे चढवले आणि सोलायला बसला. नियम साधा होता : किमान पाचशे ग्रॅम दाणे. चौथ्या शेंगेतला एक दाणा टुणकन उडून टेबलावर पडला. टेबलाला लागलेला दाणा नमुन्यात परत घालता येत नाही. टाकावा, तर टाकाऊ मालाचा अर्ज भरावा लागतो, दोन सह्यांनिशी. एका दाण्यासाठी दोन माणसांना कशाला त्रास, म्हणून तराजूने तो तोंडात टाकला.

मग तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसला. मटार गोड असतो हे त्याने वाचलं होतं, पण छापून आलेल्या सगळ्याच गोष्टींवर तो विश्वास ठेवत नसे. त्यानंतर दाणे वारंवार टेबलावर उडू लागले. काही तर त्याला स्वतःच उडवावे लागले.

शेवटी वजन भरलं चारशे अठ्ठ्याऐंशी.

“अपुरा नमुना. रद्द,” तराजू पडेल आवाजात म्हणाला.

शिपाईकाका दारातच उभे होते. “रद्द म्हणजे आता तो नमुना नाही ना?”

“नाही.”

“मग काय आहे?”

“मटार.”

“हां, मग ठीक,” असं म्हणून काकांनी पातेलं पुढे ओढलं.

गुरुवारी काकू नव्या शेंगा घेऊन आल्या. कालच्यांचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. “तांत्रिक अडचण,” तराजू म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. या खेपेला प्रमुख मॅडमनी सोललेले दाणे स्वतःच्या केबिनमध्ये नेले. त्यांचा स्टाफवर विश्वास नव्हता. तासाभराने त्या बाहेर आल्या.

“रूप उत्तम. गंध उत्तम. चव अतिउत्तम.”

“मॅडम, फॉर्मवर चवीचा रकाना नाहीये.”

“मी आखून घेतला.”

“आणि वजन?”

“एकशे साठ,” मॅडम म्हणाल्या, आणि केबिनचं दार हळूच लावून घेतलं.

तुलनेसाठी गोदामातून आणलेला मटार मात्र त्याच टेबलावर बुधवारपासून उघडा पडला होता. त्यातला एक दाणा कमी झाला नाही.

शुक्रवारी सकाळी नऊला काकू आल्या, त्या पिशवी छातीशी धरूनच. “हा शेवटचा तोडा. वेल सुकायला लागलेत, आता मटार पुढच्या हिवाळ्यात. मी स्वतः सोलणार, आणि कुणी हात लावायचा नाही. काय?”

“नाही लावणार,” तिघं एकदम म्हणाले.

काकू सोलायला बसल्या आणि बोलायला लागल्या. पहिल्या वर्षी अर्धं पीक किडीनेच खाल्लं, घरचे म्हणाले हिला वेड लागलंय. मग त्यांनी शेण आणि पालापाचोळा कुजवून घातला, बांधावर झेंडू लावला. दुसऱ्या वर्षी मातीत गांडुळं दिसली, तिसऱ्या वर्षी पाखरं आली आणि किडीचा बंदोबस्त त्यांनीच केला. “माती कशी झालीये म्हणून सांगू! मूठ उघडली की भुरभुर पडते. आणि शेंग तोडली की घड्याळ सुरू झालं समजा. तासातासाला गोडी उतरते. म्हणून पहाटे तोडते नि थेट इकडे येते.”

तिघं भान हरपून ऐकत होते. ऐकताना माणसाचे हात कुठे जातात याकडे त्याचं लक्ष नसतं. खुद्द काकूही एक दाणा पातेल्यात आणि एक तोंडात, अशा लयीत आल्या होत्या.

वजन भरलं तीनशे दहा.

घड्याळात पावणेअकरा वाजले होते आणि यंत्राला सहा तास लागत. काकूंनी पदराने चष्मा पुसला, तो पुसतच राहिल्या. तराजूला अकरा वर्षांत पहिल्यांदाच जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

“काय हो,” काकू एकदम म्हणाल्या, “फवारा बसतो कुठे? शेंगेवर. दाणा आत दार लावून बसलेला. मग तुम्ही सालं का नाही तपासत?”

“फॉर्मवर ‘खाण्याचा भाग’ लिहिलंय, काकू.”

“अहो, कोवळी सालंही खातात!”

“पुरावा लागेल.”

मॅडमनी एक साल उचललं, आतला पापुद्रा काढला आणि सर्वांसमक्ष चावून खाल्लं. “खाण्याचा भाग आहे,” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “खात्रीसाठी अजून एक द्या.”

“साक्षीदारालाही कळायला हवं,” शिपाईकाकांनी हात पुढे केला.

सालांचा ढीग डोळ्यांदेखत उतरायला लागला. तेव्हा तराजूने जन्मात केलं नव्हतं ते केलं. वरिष्ठांच्या हातातलं साल हिसकावून घेतलं, सालांचं घमेलं उचललं, वाटण्याच्या खोलीत पळाला आणि आतून कडी लावली. वजन भरलं पाचशे चार.

“तराजू, दार उघड!” बाहेरून मॅडम ओरडल्या. “चार ग्रॅम जास्त आहेत!”

त्याने दार उघडलं नाही.

पावणेपाचला यंत्रातून कागद बाहेर आला. आढळलेले अवशेष : शून्य. यंत्र बिघडलं असेल म्हणून तराजूने सोबतच घातलेल्या गोदामातल्या मटाराचा कागद ओढून पाहिला. तो इतका लांब निघाला, की शिपाईकाकांना दुसरं टोक धरावं लागलं. काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. आपला कागद घेऊन त्या स्कूटरवर बसल्या होत्या. पाचला तीन मिनिटं कमी असताना त्या इस्पितळाच्या दारात पोचल्या.

सोमवारपासून रुग्णांना त्यांची भाजी मिळू लागली. मटार नव्हे, त्या दिवसांत शेत जे देईल ते. प्रयोगशाळेतल्या डब्यांतही बिस्किटांऐवजी गाजरं दिसू लागली.

पुढच्या आठवड्यात काकूंना एक पत्र आलं. अक्षर तराजूचं, सही मॅडमची.

“महोदया, आपल्या मालाचा राखीव नमुना सहा महिने जतन करणे या कार्यालयास बंधनकारक आहे. तथापि अपरिहार्य कारणास्तव तो एक दिवसही जतन होऊ शकलेला नाही. सबब, पुढील हंगामात आपण विक्रीसाठी नेहमीप्रमाणे माल पिकवावा, आणि नमुन्यासाठी एका स्वतंत्र वाफ्यात किंचित बेचव मटार पिकवून या कार्यालयास सादर करावा, ही नम्र विनंती.”