खिडकी उघडण्याचे विधेयक

ओहायोतल्या टर्नर्स बेंड गावच्या हायस्कुलात मे महिना लागला तरी बॉयलर चालूच असतो. तो कधी पेटवायचा आणि कधी विझवायचा हे जिल्हा शिक्षण मंडळ ठरवतं, आणि मंडळानं एकदा ठरवलं की उन्हाळ्यालाही थांबावं लागतं. त्यामुळे बाहेर लोक अर्ध्या चड्डीत हिरवळ कापत असताना आत नागरिकशास्त्राचा वर्ग पावासारखा भाजून निघत होता.

शेवटची उजळणी होती. दुसऱ्या दिवशी राज्याची परीक्षा. मुलं आपटली तर विषय बंद, आणि विषय बंद झाला तर ड्वाइट स्टट्झमन सरांनी ड्रायव्हिंग शिकवायचं, असं मुख्याध्यापिका कॉफलिनबाईंनी गोड हसून सांगून ठेवलं होतं. सर तसे कुणाला भीत नसत. पण दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग गेलं की डोळे मिटून, पहिल्यापासून सगळ्या राष्ट्राध्यक्षांचा जप करीत.

"सर, खिडकी उघडू?" मारिसोलनं विचारलं. ती खिडकीला खेटून बसली होती. नुसता हात लांबवायचा अवकाश होता.

सरांचे डोळे चमकले. "थांब! लोकशाहीत खिडकी अशी उघडत नाहीत."

झालं. वर्गाचं राष्ट्र झालं, प्रत्येक रांगेचं राज्य झालं. प्रतिनिधिगृहात डोकी मोजून जागा. सिनेटमध्ये मात्र राज्य केवढंही असो, सिनेटर दोन. शेवटच्या रांगेत ब्रोडी एकटाच बसे. त्याला कारण त्याची कुस्तीची बॅग. हिवाळ्यातल्या सामन्यांपासून ती धुतलेली नव्हती.

"सर, माझे दोन सिनेटर कोण?"

"एक तू."

"आणि एक ही." ब्रोडीनं बॅग बाकावर प्रतिष्ठित केली.

सरांनी राज्यघटना चाळली. बॅगेला स्पष्ट मनाई कुठं आढळली नाही. वयाची अट होती. पण ती लावली तर सगळा वर्गच घरी जायचा, म्हणून तो विषय कुणी काढला नाही.

मारिसोलचं विधेयक प्रतिनिधिगृहात दणक्यात मंजूर झालं. वाटेत त्याला किरकोळ दुरुस्त्या चिकटल्या: शुक्रवारी कँटीनमध्ये फुकट नाचो, बारावीच्या मुलांना सावलीतलं पार्किंग आणि डावखुऱ्यांची जाहीर माफी.

सिनेटमध्ये ब्रोडी बोलायला उभा राहिला तो बसेचना. सिनेटर बोलतोय तोवर मतदान घेता येत नाही, असा तिथला नियम. त्यानं चिप्सच्या पुडीमागचा सगळा मजकूर वाचून काढला, घटकपदार्थांसह.

"अरे, पण तुझं म्हणणं काय आहे?" सरांनी कौतुकानं विचारलं.

"सर, या विधेयकाचा रोख माझ्या सहकारी सिनेटरवर आहे. त्या दुखावल्यात."

अखेर तडजोड निघाली. बॅगेला स्वच्छ हवा समितीचं अध्यक्षपद देण्यात आलं आणि ब्रोडी खाली बसला.

विधेयक राष्ट्राध्यक्षांकडे, म्हणजे टॅम्सिनकडे गेलं. निवडणुकीत तिला मतं कमी पडली होती, पण योग्य त्या रांगांत पडली होती. तिनं नकाराधिकार वापरला. "मी घरून डबा आणते. तुमच्या नाचोंचा भुर्दंड मी का सोसू?" नकार उलथवायला दोन तृतीयांश मतं हवी होती. सिनेटमध्ये एक कमी पडत होतं. सगळ्यांनी आशेनं बॅगेकडे पाहिलं. बॅग तटस्थ राहिली.

मग टॅम्सिननं स्वतःच्या अधिकारात, नाचो वगळून, खिडकी उघडण्याचा आदेश काढला. लगेच दावा दाखल झाला. ओटिसला तहहयात, म्हणजे घंटा होईपर्यंत, सरन्यायाधीश नेमलं होतं. त्यानं चष्मा पुसला आणि निकाल दिला, "घटनेत खिडकीचा शब्द नाही. ज्या रांगेची खिडकी, त्या रांगेनं ठरवावं." मारिसोलच्या रांगेनं खिडकी बोटभर उघडली. शेजारच्या रांगेनं हरकत घेतली: वारा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो, सबब त्याच्यावर केंद्राचाच अधिकार. पुढच्या सुनावणीपर्यंत खिडकी पुन्हा बंद झाली. तेवढ्यात नाचोंवरून अंदाजपत्रकही अडलं आणि सरकार बंद पडलं. अत्यावश्यक कर्मचारी सोडून बाकीच्यांनी बाहेर जायचं ठरलं.

"सर अत्यावश्यक आहेत का?" टॅम्सिननं विचारलं.

मतदान झालं. सर बाहेर गेले. घामानं निथळत ते व्हरांड्यात उभे होते, पण ऊर भरून आला होता. पोरांना सगळं आलं होतं!

"स्टट्झमन, इथं काय करताय?" कॉफलिनबाईंनी विचारलं.

"सरकार बंद आहे, मॅडम."

"कशापायी?"

"खिडकीपायी."

बाई आत गेल्या. नाकाला रुमाल लावला. खिडकी उघडली, ब्रोडीची बॅग उचलली आणि खालच्या झुडपात भिरकावली. "झालं?"

वर्ग उठून टाळ्या वाजवू लागला.

"मॅडम, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा!" ओटिस ओरडला.

"निवडणूक कशाला हवी?" मारिसोल म्हणाली. गार वाऱ्यानं तिचे डोळे मिटले होते.

परीक्षेत वर्ग जिल्ह्यात पहिला आला. 'चांगल्या शासनाचे एक उदाहरण द्या,' असा शेवटचा प्रश्न होता. सगळ्यांनी एकच उदाहरण दिलं होतं. ते ऐकून कॉफलिनबाईंना गहिवरून आलं आणि त्याच गहिवरात त्यांनी नागरिकशास्त्र बंद करून टाकलं.

"अहो मॅडम, पण पोरं पास झाली!"

"झाली ना? म्हणजे येतंय त्यांना. आता शिकवायचं काय राहिलं?"

"निदान मंडळात मतदान तरी..."

"स्टट्झमन, मतदान घेत बसले असते तर ती खिडकी अजून बंद असती."

सरांनी राज्यघटना मिटली आणि शाळेच्या गाडीची किल्ली घेतली.

हल्ली ते शाळेच्या गाडीत ब्रोडीच्या शेजारी बसतात. झुडपातून परत आलेली बॅग मागच्या सीटवर असते. पहिल्या दिवशी पहिल्याच वळणाला सरांनी जप सुरू केला, पण त्या वासानं दुसऱ्या राष्ट्राध्यक्षापाशीच अडकला.

"ब्रोडी, बाळा, काच खाली घे."

"मतदान घेऊ या, सर." ब्रोडीनं आरशातून मागं पाहिलं. "दोन विरुद्ध एक. नामंजूर."

सरांनी आयुष्यभर बहुमताचा मान राखला होता. त्यांनी हात लांबवला आणि काचेचं बटण दाबलं.

बरं केलं, असंच म्हणालात ना? कॉफलिनबाईंनी खिडकी उघडली तेव्हाही तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. टर्नर्स बेंडपर्यंत ऐकू आल्या.