माझूआईची सहल

आश्यांगबाईंचे बेत कधी फसत नसत. निदान त्यांचं स्वतःचं मत तरी तसंच होतं!

आळीच्या देवळातली माझूआईची छोटी मूर्ती वर्षभर ज्याच्या घरी मुक्कामाला असते, तो त्या वर्षाचा मानकरी. मान कुणाचा, ते दरवर्षी कौल लावून ठरतं. यंदा तो आश्यांगबाईंकडे होता, आणि पुढच्या वर्षीचा कौल आज संध्याकाळीच लागायचा होता. शेजारची पाओचू तर त्यासाठी देव पाण्यात घालून बसलेली!

"आज आईला चिगूच्या खाऱ्या सरोवरावर हिंडवून आणते," आश्यांगबाईंनी सकाळीच जाहीर केलं. "वर्षभर घरात बसून कंटाळली असेल बिचारी. मग संध्याकाळी कौल कुणाला देते, बघाच!"

"देवीला लाच देतेस होय गं?" पाओचू कडाडली. "थांब, मीही येते!"

तराफ्यावर चढतानाच नावाडी आखुनने अडवलं. "हिचं जाकीट कुठंय?"

"अरे मेल्या, समुद्राची देवी ती! बुडत्याला वाचवते!"

"वाचवत असेल. माझ्या तराफ्यावर नियम म्हणजे नियम."

झालं! माझूआईला लहान मुलाचं नारिंगी जाकीट चढलं. त्यातून नुसता मुकुट डोकावत होता, संत्र्याला कोंब फुटावा तसा! पण सहल मात्र झकास झाली. पाण्यात उभ्या बांबूंना लगडलेली कालवं, त्यांवर टपून बसलेले बगळे, गार वारा. आश्यांगबाई देवीला एकेक गोष्ट बोट दाखवून सांगत होत्या, माहेरी आलेल्या लेकीला सांगावी तशी.

ओहोटी लागली, सरोवराचं पाणी समुद्राकडे ओसरू लागलं. आखुन म्हणाला, "चला, निघू या."

पण देवीला न विचारता हलवायचं कसं? आश्यांगबाईंनी कौलाचे दोन लाकडी तुकडे काढले. एक बाजू सपाट, एक फुगीर. एक उताणा नि एक पालथा पडला, की होकार. दोन्ही पालथे, तर नकार; दोन्ही उताणे, तर देवी नुसतीच हसली.

"आई, घरी जाऊ या ना?"

दोन्ही पालथे. नकार! पुन्हा टाकले. दोन्ही उताणे.

"हसली बघ," पाओचू म्हणाली. "तुलाच हसली!"

जाकीट टोचत असेल म्हणून सैल केलं. नकार! ऊन लागत असेल म्हणून पाओचूची टोपी घातली. नकार! वाळूचा दांडा बघायचा असेल म्हणून आखुनने कुरकुरत एक फेरी मारली. देवी पुन्हा हसली! तेवढ्यात देवळातून फोन. "माळा लावल्या, फटाके टांगले, देवी कुठंय?" इकडे तराफ्याचं बूड चिखलाला घासायला लागलं.

पाओचूने संधी साधली. "सरक गं. आई, माझ्याकडे येतेस?"

नकार! आश्यांगबाई खुदकन हसल्या.

आखुनचं डोकं फिरलं. "आई, मग काय माझ्या झोपडीत राहतेस?" म्हणत त्याने तुकडे फेकले.

होकार!

पुन्हा फेकले. होकार! तिसऱ्यांदाही होकार! आणि सलग तीनदा होकार आला, की देवळाचे पंचसुद्धा तोंड उघडत नाहीत. देवाला आपण हिंडवतो असं आपण समजतो, मंडळी! कोण कुणाला हिंडवतं, ते असं चिखलात रुतल्यावर कळतं.

माझूआई आखुनच्या काठावरच्या पत्र्याच्या झोपडीत, कालवांच्या टोपल्यांशेजारी विराजमान झाली. पाओचू ही बातमी घेऊन बसने देवळाकडे पळाली. आश्यांगबाई देवीसमोर बसून डोळे पुसत राहिल्या. "आई, वर्षभर तुला फुलासारखं जपलं. आता माझा मान गेला का गं?"

फोन वाजला. पाओचूच! "ताई, अभिनंदन! पंचांनी देवळातल्या मोठ्या माझूआईसमोर नावं घेतली. तुझ्या नावाला होकारावर होकार! मान तुझाच!"

आश्यांगबाई ताडकन उठल्या. "बघितलंस? मी म्हणत नव्हते!"

"पुढचं ऐक की. पंच म्हणाले, देवी जिथं, मानकरी तिथं. तुझे कपडे उद्या पाठवते हं ताई. थंडीचेही बांधू ना?"

आश्यांगबाईंनी फोन खाली ठेवला. तेवढ्यात आखुनची बायको हसतमुखाने आली आणि त्यांच्या हातात रबरी मोजे नि सुरी ठेवून म्हणाली, "या मावशी! आता तुम्ही घरच्याच. जेवणाआधी एवढी दोन टोपल्या कालवं फोडून टाकू!"