डेल्मरची सदसद्विवेकबुद्धी आणि आर्लीनचे कोलाचे

आमच्या लोमनिट्स गावात औषधाचं दुकान एकच आहे आणि सदसद्विवेकबुद्धीही एकच. दोन्ही गोष्टी डेल्मर क्रेचेकच्या मालकीच्या असून दोन्ही सकाळी नऊला उघडतात. दुपारी जेवणासाठी दुकान बंद होतं. सदसद्विवेकबुद्धीचं नक्की सांगता येत नाही.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मी एल्डन पोस्पिशिल. माझं पशुखाद्याचं दुकान आहे, आणि चर्चच्या मंडळाचा मी अध्यक्ष आहे. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात आमचे पणजोबा युरोपातल्या बोहेमियातून आले ते बदकं, खसखस आणि तत्त्वं घेऊन. तिन्ही आम्ही अजून जपून आहोत.

डेल्मरची बुद्धी पहिल्यांदा कामाला लागली ती टेसच्या वेळी. टेस चौकातल्या कॅफेत वाढपाचं काम करते. तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ आपोआप पडला. डॉक्टरांनी आत काही राहू नये म्हणून गोळ्या लिहून दिल्या. डेल्मरने चिठ्ठी वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "टेस, या गोळ्या दुसऱ्याही कामाला येतात, मुद्दाम पाडायच्या. माझ्या मनाला पटत नाही बघ."

"अहो, पण जे व्हायचं ते होऊन गेलंय. दोन दिवस रडतेय मी."

"तू खरंच बोलत असशील. पण माझ्या मनाला ते कळायला मार्ग नाही ना! लिंकनला जा. तिथे मोठी दुकानं आहेत. रस्ताही छान आहे आता."

टेस रक्तस्राव होत असताना गाडी चालवत निघाली आणि वाटेतल्या एका पेट्रोल पंपावर बेशुद्ध पडली. अनोळखी माणसांनी तिला हॉस्पिटलात पोचवलं. लिंकनचं हॉस्पिटल चांगलं आहे, हे त्या निमित्ताने गावाला समजलं.

गावात थोडी कुजबुज झाली, म्हणून मी मंडळाची सभा बोलावली. औषधाच्या दुकानावर चर्चच्या मंडळाला काडीचाही अधिकार नाही. पण जिथे अधिकार नाही तिथे ठराव करण्यात आमच्या मंडळाचा हात कोणी धरणार नाही. 'कोणाही माणसावर त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध काही देण्याची सक्ती होता कामा नये' असा ठराव मी मांडला. तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. फादर जेरोम यांनी डेल्मरला आशीर्वाद दिला. मी माझ्या दुकानातून पितळेची पाटी सवलतीत करून दिली: 'येथे विवेकपूर्वक औषधे मिळतात.'

पाटी लागल्यापासून डेल्मरचा विवेक फारच नाजूक झाला. म्हाताऱ्या एमिलला खोकल्याचं औषध मिळेना, कारण त्यात अल्कोहोल असतं. एमिल खोकत खोकत बियरचा खोका घेऊन बाहेर पडला. बियर दुकानाच्या दुसऱ्या काउंटरवर मिळते आणि विवेक फक्त औषधांच्या काउंटरवर बसतो. तिकडे लॉटरीची तिकिटं आणि सिगारेटीही असतात. त्यांना कोणी अडवत नाही.

मग गल्ल्यावर बसणारी लोरेन म्हणाली, "फक्त डेल्मरलाच मन आहे का? मलाही आहे." लोरेन डेल्मरची मेव्हणी. तिच्या मते मधुमेह हा गोड खाण्याच्या पापाचा परिणाम होता. त्यामुळे इन्सुलिन घ्यायला आलेल्यांना ती आधी शेवटचा केक कधी खाल्ला ते विचारू लागली. डेल्मरने औषध दिलं तर लोरेन पैसे घेईना, आणि लोरेन राजी असली तर डेल्मर कुठेतरी अडून बसे. दोघांची मनं एकाच वेळी जुळली की गावात औषध मिळे. लोक त्याला शुभशकुन मानू लागले.

एका औषधाच्या बाबतीत मात्र डेल्मरच्या मनाला कधीच टोचणी लागली नाही. वाढत्या वयाच्या पुरुषांना ज्या निळ्या गोळ्या लागतात, त्या तो न विचारता, न बघता, तपकिरी पिशवीत घालून द्यायचा. वर डोळा मिचकावायचा. त्यातला विवेक मला अगदी पटत असे.

अशा सुरळीत चाललेल्या व्यवस्थेत माझ्या बायकोच्या बोटांनी घोळ घातला.

आर्लीन अडुसष्ट वर्षांची आहे. तिला संधिवात आहे आणि त्यावर आठवड्याला एकदा घ्यायच्या गोळ्या ती कैक वर्षं घेते. त्या गोळ्यांमुळेच तिची बोटं चालतात, आणि त्या बोटांवर गावाचा मोठा भार आहे. दर ऑक्टोबरात चर्चच्या हॉलमध्ये बदकाचं जेवण असतं. पिठाचे उकडलेले गोळे, आंबट कोबी, भाजलेलं बदक, आणि शेवटी कोलाचे. कोलाचे म्हणजे मऊ गोल पाव, मधोमध खळगा करून त्यात सारण भरलेला. सारणं तशी पुष्कळ असतात, पण चार तालुक्यांतून माणसं येतात ती आर्लीनच्या खसखशीच्या कोलाच्यांसाठी.

त्या दिवशी मीही तिच्याबरोबर दुकानात होतो. मागे रांग होती. डेल्मरने चिठ्ठी पाहिली आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"आर्लीन, ही गोळी पोटातल्या बाळाला धोक्याची असते, ठाऊक आहे ना?"

"कुणाच्या पोटातल्या?"

"कुणाच्याही. मी काही आरोप करत नाहीये हां."

"डेल्मर, मी अडुसष्ट वर्षांची आहे!"

"सारा नव्वदीची होती," डेल्मर गंभीरपणे म्हणाला. "बायबलमध्येच आहे. नव्वदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तीही आधी हसलीच होती."

"अरे बाबा, माझी पिशवीच काढलीय! तुझी बायको तेव्हा नूडल्सचं भांडं घेऊन आली होती भेटायला. विसरलास?"

"नाही विसरलो. पण देवाला अशक्य काय आहे?"

आर्लीनने माझ्याकडे पाहिलं. मी अध्यक्ष. ठराव माझा, पाटी माझी. तरी नवरा म्हणून मी पुढे झालो आणि आवाज खाली आणून म्हणालो, "डेल्मर, मी शब्द देतो. तसं काही होण्यासारखं आमच्या घरात आता राहिलेलं नाही."

"एल्डन," डेल्मर त्याच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "असं कसं म्हणतोस? मागच्याच महिन्यात तू निळ्या गोळ्यांचं पाकीट नेलंस. मीच नाही का दिलं?"

रांगेतल्या एमिलचा खोकलासुद्धा थांबला. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे शक्यता आहे," डेल्मरने निर्णय दिला. "तू पुरुषासारखा पुरुष आहेस, त्याचं मला कौतुकच आहे. पण मग मी तिला ही गोळी कशी देऊ, तूच सांग. लिंकनला जा."

बाहेर आल्यावर आर्लीन म्हणाली, "चल मग. गाडी काढ, लिंकनला जाऊ."

मी तिला शांतपणे समजावलं. मंडळाचा अध्यक्षच लिंकनला औषध आणायला गेला तर ठरावाचं काय राहिलं? लोक काय म्हणतील? शिवाय माझ्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. थोडे दिवस धीर धर, म्हटलं, डेल्मरचं मन वळेल. आर्लीन काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिला पटलेलं असतं, असं मी गेली चाळीसेक वर्षं धरून चाललो आहे.

मन वळलं नाही. आर्लीनची बोटं वळली. आधी तिला बरणीचं झाकण उघडेना, मग ब्लाउजची बटणं लागेनात. एका सकाळी ती कॉफीचा कप दोन्ही मनगटांत धरून पीत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. मी तिची बटणं लावून दिली आणि मंडळाच्या सभेला गेलो.

सभेत विषय तोच होता. म्हणजे आर्लीनची बोटं नव्हे, कोलाचे. गावात हाहाकार उडाला होता. कोणी म्हणालं, यंदा बेकरीतून मागवू. त्याला तिथल्या तिथे माफी मागायला लावली. डेल्मर स्वतः खूप हळहळला. "गरम मेणात हात बुडवून बसायला सांगा तिला," तो म्हणाला. "मेण माझ्याकडे आहे. त्याला माझी काही हरकत नाही."

शेवटी गोळ्या टेसने आणल्या. कॅफेतलं काम संपवून ती आर्लीनची चिठ्ठी घेऊन लिंकनला गेली आणि येऊन आमच्या स्वयंपाकघरात पुडी ठेवली. "आर्लीन, तुम्ही आधी एक घ्या. मग बोलू." मी पेपरात तोंड घालून बसलो, म्हणजे मला हे अधिकृतरीत्या माहीत नव्हतं. पुढचे कित्येक आठवडे टेसच आणत राहिली. बोटं पूर्ण सुटली नाहीत, पण कामापुरती चालू लागली. बदकाच्या जेवणाच्या आदल्या दिवशी टेसने कणीक तिंबली, आर्लीनने खळगे करून खसखस भरली. घरभर तो वास सुटला आणि गावाचा जीव भांड्यात पडला.

जेवणाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. कोलाच्यांच्या टेबलामागे आर्लीन उभी होती, शेजारी टेस. डेल्मर ताटात बदक, गोळे आणि कोबी घेऊन खुशीत आला.

"आर्लीन! खसखशीचे दोन वाढ. जरा भरलेले बघून."

"नाही वाढता येणार, डेल्मर."

"संपले?"

"छे! भरपूर आहेत. माझ्या मनाला पटत नाही."

डेल्मर हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आर्लीन हसत नाहीये.

"खसखस ज्या झाडाची, त्याच झाडाची अफू," आर्लीन म्हणाली. "मी आरोप करत नाहीये हां."

"अगं, कोलाचे खाऊन कुणाला नशा चढलीय का आजवर?"

"देवाला अशक्य काय आहे?"

"बरं बाई, आलुबुखाराचा दे."

"त्याने पोट साफ होतं. तुझ्या पोटात काय आहे, ते मला कळायला मार्ग नाही." मागच्या माणसाकडे वळता वळता आर्लीन डेल्मरला म्हणाली, "लिंकनला बेकरी आहे. रस्ताही छान आहे आता."

टेस खाली मान घालून चमचे पुसत होती. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही.

हॉलमध्ये जो गोंधळ उडाला, तसा मी आयुष्यात पाहिला नव्हता. "भरल्या हॉलमधून माणूस उपाशी परत जातोय!" लोरेन ओरडली. "त्याने तिकीट काढलंय," एमिल खोकत म्हणाला. डेल्मरचे डोळे भरून आले. "माझी आई असेच कोलाचे करायची गं," तो म्हणाला, आणि बायकांचे पदर नसले तरी रुमाल डोळ्यांना लागले. फादर जेरोम करुणेवर बोलले. समोरचा माणूस भुकेला असताना आपली मतं कुरवाळत बसणं हा अहंकार आहे, असं ते म्हणाले. फार सुंदर बोलले. हे त्यांना आधी कसं सुचलं नव्हतं कोण जाणे.

मी तिथेच तातडीची सभा घेतली आणि ठराव मांडला: 'जो वाढायला उभा राहिला त्याने मागेल त्याला वाढलंच पाहिजे. ज्याची सदसद्विवेकबुद्धी आड येत असेल त्याने वाढायला उभं राहू नये.'

"आणि गोळ्या?" आर्लीनने विचारलं.

"विषयाला धरून बोल," मी म्हणालो. अध्यक्ष या नात्याने ते माझं कर्तव्यच होतं.

ठराव मंजूर झाला. आर्लीनने आखडलेल्या बोटांनी खसखशीचे दोन कोलाचे उचलले आणि डेल्मरच्या ताटात ठेवले. त्याने एक तिथेच उभ्याउभ्या खाल्ला, बोटं चाटली आणि मायेने म्हणाला, "बघ, इतकं सोपं होतं. उगाच ताणलंस."

तुम्ही आम्हाला हसत असाल तर खुशाल हसा. पण त्या हॉलमध्ये तुम्ही असता, खिशात जेवणाचं तिकीट आणि नाकात तो वास असता, तर तुमचाही हात वर गेला असता. गोळ्यांच्या वेळी तो खिशातच राहिला असता, जसा आमचा राहिला. त्या दिवशी हॉलमधले सगळे हात वर गेले. टेस मंडळाची सभासद नाही, तिचा प्रश्नच नव्हता. सभासदांपैकी एकीचाच हात खाली राहिला, आर्लीनचा. मी ठराव एकमताने मंजूर झाल्याचं लिहिलं, आणि खाली टीप दिली: सौ. पोस्पिशिल यांना संधिवातामुळे हात वर करता आला नाही.