घरचं खरं बोलणं

मैनाचा इंग्रजीचा प्रकल्प बाईंनी परत पाठवला आणि घरावर अवकळा पसरली. शाळेच्या शेवटच्या वर्षाला तिने इंग्रजी भाषा आणि साहित्य असा जोडविषय घेतला होता. घरातलं खरं बोलणं, मग ते मराठीत का असेना, रेकॉर्ड करायचं, जसंच्या तसं उतरवायचं आणि नाटकातल्या संवादाशी ताडून पाहायचं, असं काम होतं. मात्र बोलणाऱ्यांचा होकार आधी घ्यायचा, हा नियम.

नियमानेच घात केला. टेबलावर फोन ठेवताच वडील म्हणाले, "कृपया मीठ देता का?" आत्या म्हणाली, "अवश्य." आई नुसती हसली. बाईंनी शेरा मारला : हे लिहून आणलेलं नाटक आहे. उद्या खरं आणा, नाहीतर गुण नाहीत.

"खरंच तर बोललो!" वडील म्हणाले. ते गाडी चालवायला शिकवत. शिकाऊ माणसाशेजारी बसून आपल्या बाजूचा ब्रेक दाबायची सवय त्यांच्या जिभेलाही लागली होती.

"मला वाटतं," आई हळूच म्हणाली, "आपण जर..."

"थांब. चूक अक्काची," वडील आत्याकडे वळले. "'अवश्य' काय? जन्मात कधी म्हणाली होतीस?"

"आणि तुझं ते 'कृपया'?" आत्या उसळली. "जावई जेवायला बसल्यासारखा!"

"अहो, पण मी काय म्हणते..."

"तू तर तोंडच उघडलं नाहीस गं!" आत्या म्हणाली.

"उघडलं की लगेच..."

"मिटून घेते!" वडिलांनी पुरं करून टाकलं.

मैना ओरडली, "हेच! हेच हवं होतं!"

पण फोन बंद होता.

"त्यात काय, पुन्हा भांडू," वडील म्हणाले. सगळ्यांनी होकार दिला, फोन सुरू झाला.

"आधी मी अक्काला बोललो."

"आधी तू 'खरंच तर बोललो' म्हणालास!"

"माझ्या मते आधी मी..." आई म्हणाली.

"तुझं नंतर!" दोघं एकदम म्हणाली, आणि खरीखुरी जुंपली.

मैना खुशीत उतरवायला बसली. वडील मागून डोकावले. "आईच्या प्रत्येक ओळीपुढे ही तिरकी रेघ कसली?"

"तिथे तिला कुणीतरी तोडलंय, बाबा."

"सगळीकडे मीच?"

"तीन ठिकाणी आत्या."

"तीनच?" आत्या जरा हिरमुसली.

वडिलांचा चेहरा उतरला. "हे बाईंना द्यायचं नाही. माझा होकार मी मागे घेतो."

मैनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाहून आईने पदराला हात पुसले.

"द्यायचं," ती म्हणाली. "बाईंनाही कळू दे, की या घरात..."

वडिलांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आत्याही गप्प. आईने वाट पाहिली. कुणीच तोडेना. इतक्या वर्षांत ती वाक्याच्या या टोकापर्यंत कधी पोचलीच नव्हती. पुढचा रस्ता तिला माहीत नव्हता.

"बोला ना कुणीतरी!" ती कावरीबावरी होऊन म्हणाली. "पुढचं मी कधी ठरवलेलंच नसतं."

"...तूही बोलतेस," वडील अगदी हलक्या आवाजात म्हणाले.

आईने क्षणभर विचार केला. "मला ते म्हणायचं नव्हतं. पण चालेल. मग तुमचा होकार धरायचा ना?"

मैनाने होकारासाठी फोन पुन्हा सुरू केला. वडिलांनी मान हलवली.

"मान हललेली फोनला ऐकू येत नाही, बाबा," मैना म्हणाली. "तोंडाने म्हणा."

वडिलांनी खाकरून घसा साफ केला, "म्हणजे, माझं म्हणणं असं, की..." एवढ्यावर अडकले आणि मदतीसाठी आईकडे पाहू लागले.

आई हाताची घडी घालून शांतपणे बसली, त्यांचं पुरं होईपर्यंत.