लूजवाले रऊफभाई

रऊफभाई टेलरकडे कोणत्याही मापाची पँट टाका, ती लूजच होऊन येते. वाटूर फाट्यावरच्या त्यांच्या दुकानातून मी वीस वर्षं कपडे शिवून घेतोय. वर्गात आधी माझी पँट शिरते, मागून मी.

तक्रार केली की म्हणतात, "सर, लूज र्‍हाऊ द्या. मानूस वाढून राह्यला न्!" हे माझ्या पोटाकडे बघत.

मी इंग्रजीचा मास्तर. एकदा त्यांना 'लूज'चे अर्थ समजावून द्यायची खुमखुमी आली. सैल, मोकळा, सुटा, एवढ्यात माझा खजिना संपला. रऊफभाई नुकते सुरू झाले होते. पातळ चहा लूज. पिंपातलं सुटं तेल लूज. परतूरला निघालेली रिकामी जीप लूज. ज्याच्या पोटात काही राहत नाही, तो माणूस लूज. "अन् सर, तुमी वर्गात लई टाइट. जरा लूज व्हा." पदवी माझी आणि शिकवणीही मलाच!

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला, मानसीला, हैदराबादला नोकरी लागली. एवढ्या लांब पाठवणार नाही, असं मी ठणकावलं. ती दोन दिवस जेवली नाही. मीही बाणेदारपणे जेवलो नाही. फाट्यावर भजी खाल्ली, ती वेगळी.

रऊफभाईंच्या कानावर गेलंच. "सर, पोरीला लूज सोडा."

मी भडकलो. "तुम्हाला काय जातं सांगायला?"

त्यांनी उठून कपाट उघडलं. आत कोरे शर्ट एकावर एक रचलेले.

"आमच्या इम्रानचे. त्याला जायचं व्हतं शिकायला. मी म्हन्लो, बिलकुल न्हाई, मशीनवरच बस. भांडून गेल्ता, सोळा वर्षांचा. आठ ईदा झाल्या, फोन न्हाई. दर ईदला एक शिवून ठिवतो."

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पण माप?"

"माज्याच अंगावरून घेतो," गळ्यातली टेप सारखी करत ते म्हणाले. "पोरगं बापावरच जाणार न्, सर?"

मी घरी आलो. मानसीला हाक मारली आणि म्हणालो, "तिकडं पोचलीस की आधी फोन कर."